अनुभव धागा : पुण्याचा तो संघ आणि २०१७ चा मोसम

गहुंजे_वारी (धागाकर्ता)
काल माळा आवरताना जुन्या अभ्र्यात गुंडाळलेली जांभळी जर्सी सापडली. लेक नऊ वर्षांचा आहे. हातात घेऊन म्हणाला, "बाबा, ही कुठली टीम?" मी म्हटलं, आपली. तर म्हणे, "पुण्याची टीम आयपीएलमध्ये कुठेय?"

काय सांगणार? चेन्नई आणि राजस्थान दोन वर्षं बाहेर होते, तेवढ्यापुरता रायझिंग पुणे आला. २०१६ ला आठात सातवा. २०१७ ला थेट अंतिम सामन्यात, आणि तिथे मुंबईकडून एका धावेने हरला. मग संघच संपला. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणायचीही सोय उरली नाही, हे मला आजही लागतं.

त्या वर्षी १ मे ला मी वडिलांना घेऊन पुण्याजवळच्या गहुंज्याच्या स्टेडियमवर गेलो होतो. गुजरातने १६१ केलेल्या आणि आपले ४२ ला ४. आजूबाजूचे लोक उठायला लागले. वडील म्हणाले, "बस रे, तो स्टोक्स आहे अजून." त्याने ६३ चेंडूंत नाबाद १०३ केल्या. शेवटी शेवटी पायात गोळे आले होते, लंगडत पळत होता. एक चेंडू राखून जिंकलो. वडील एरवी टाळीसुद्धा मोजून वाजवणारे, पण त्या दिवशी खुर्चीवर उभे राहिले. ते आता नाहीत. जर्सी त्यांचीच आहे.

तुमच्या आठवणी लिहा.

कोथरूडची_मावशी
वाचून डोळे भरले रे. जर्सी धुऊ नकोस मशीनमध्ये. हाताने धू, उलटी करून सावलीत वाळव.

लेगकटर
आपला गोलंदाज उनाडकट!!! हैदराबादच्या संघाला त्यांच्याच मैदानात शेवटच्या षटकात १३ हव्या होत्या. याने हॅटट्रिक घेतली आणि षटक निर्धाव टाकलं. १२ सामन्यांत २४ बळी त्या मोसमात. वेग काही फार नव्हता, नुसता हळू चेंडू टाकून लोकांना फसवायचा. आमच्या टेनिस बॉलच्या टीममध्ये त्यानंतर सगळे डावखुरे तसाच चेंडू टाकायला लागले.
कुकर झालाय, उरलेलं नंतर.

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो
मी मुंबईचा चाहता, बायको पुण्याची. त्या वर्षी पुण्याने मुंबईला तीनदा हरवलं. गहुंज्याला स्मिथने शेवटच्या षटकात पोलार्डला सलग दोन षटकार मारले तो, मग वानखेडेवर ३ धावांनी, मग पुन्हा वानखेडेवरच पहिला क्वालिफायर २० धावांनी. प्रत्येक वेळी सासऱ्यांचा फोन. "काय जावईबापू, जेवलात का?" एवढंच विचारायचे, क्रिकेटचा शब्द नाही.
चौथ्यांदा, म्हणजे फायनलला, आम्ही जिंकलो तेव्हा मी फोन करणार होतो. बायकोचं तोंड बघितलं आणि राहू दिला.

लेगकटर
@डोंबिवली, चांगलं केलंत 🙏

उप्पलचा_पुणेकर
नोकरीनिमित्त तेव्हा हैदराबादला होतो, फायनल मैदानात बसून पाहिली. मुंबई ७९ ला ७! शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली मी. मग कृणालने ४७ काढल्या, जॉन्सनला घेऊन आठव्या गड्यासाठी ५० जोडल्या. १२९. तरीही वाटलं, १३० म्हणजे काय, होतंय. रहाणे ४४ वर गेला, तरी होतंय. धोनी गेला, तरी स्मिथ आहे.
शेवटचं षटक, ११ हव्यात. तिवारीने पहिल्याच चेंडूला चौकार मारला. पुढच्या दोन चेंडूंवर तिवारी आणि स्मिथ दोघंही झेलबाद. शेवटच्या चेंडूवर ४ हव्या होत्या. ख्रिश्चनने मारला, दोन पळाले, तिसरीला धावबाद. तिसरी झाली असती तर बरोबरी होती.
परतीच्या रिक्षात चालकाने तेलुगूत काहीतरी विचारलं, मला उत्तर देता आलं नाही. घसाच बसला होता.

अनामिका_न्यूजर्सी
आमच्याकडे रविवारची सकाळ होती. सहा मराठी घरं एका बेसमेंटमध्ये, पोहे केले होते. शेवटचे पोहे कुणीच खाल्ले नाहीत.

बालाघाटी
मी लातूरचा. २०१६ च्या मोसमाचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. त्या वर्षी दुष्काळामुळे उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले आणि पुण्याचं घर विशाखापट्टणमला गेलं. त्याच एप्रिलमध्ये मिरजेहून आमच्याकडे पाण्याची रेल्वे यायला लागली. मी बारावीत होतो, घागरी घेऊन रात्री टँकरच्या रांगेत उभा राहायचो. रांगेतच कुणाच्या तरी मोबाईलवर अक्षर पटेलच्या शेवटच्या षटकात २३ हव्या असताना धोनीने सामना काढला तो पाहिला. दुष्काळात मैदानांना पाणी मारतात म्हणून चिडलेली माणसंसुद्धा त्या षटकाला ओरडली. आईने विचारलं, पाणी आलं का?

गहुंजे_वारी
@बालाघाटी, तुमचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवला. लेकाने पाण्याच्या रेल्वेचे दहा प्रश्न विचारले.

सीमारेषा
राहुल त्रिपाठीचं नाव अजून कसं नाही आलं! महाराष्ट्राकडून रणजी खेळणारा पोरगा, १० लाखांत घेतलेला. त्याच संघात १४.५ कोटींचा स्टोक्स. आणि ईडनवर ५२ चेंडूंत ९३ कुणाच्या? त्रिपाठीच्या. त्याआधी गहुंज्याला रणजीच्या सामन्याला मोजून चाळीस माणसं असायची, त्यातला मी एक. त्यामुळे ते षटकार मला स्वतःचे वाटले. आणि वॉशिंग्टन सुंदर, १७ वर्षांचा. अश्विन दुखापतीने नाही म्हणून आला आणि वानखेडेवर १६ धावांत रोहित, रायुडू, पोलार्ड घेऊन गेला.
धोनीचं कर्णधारपद काढलं ते मात्र मला कधीच पटलं नाही. स्मिथ चांगलाच होता, पण तरी.

जुना_वॉरियर
त्याआधीचे पुणे वॉरियर्स विसरलात सगळे? तीन मोसम केले ते. गेलने बंगळुरूत नाबाद १७५ मारल्या त्या आमच्याच विरुद्ध. मी पूर्ण सामना पाहिला होता, टीव्ही बंद केला नव्हता.

लेगकटर
@जुना_वॉरियर, तुम्हाला दंडवत काका.

कोथरूडची_मावशी
फायनलच्या दिवशी आमच्या गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. रात्री सामना संपल्यावर आमचे हे एकटेच वर जाऊन बसले. मी गेले तर अंधारात ओली कुरडई खात होते. काही बोलले नाहीत, मीही एक घेतली.

अनामिका_न्यूजर्सी
मावशी, इथे कुरडया जमतात का हो? चीक आंबतच नाही माझा.

कोथरूडची_मावशी
थंडीत नाही जमणार. गहू तीन दिवस भिजव, रोज पाणी बदल, उबेला ठेव. वेगळा निरोप पाठवते सविस्तर.

गहुंजे_वारी
जर्सी हाताने धुतली मावशी, सावलीत टाकलीय. लेकाला गुडघ्यापर्यंत येते. तरी रविवारी मॅचला तीच घालणार म्हणतोय.