रंग खरखरीत का बसतो, आणि काळ्या मातीबद्दल

भाऊ, बऱ्याच वर्षांनी १:३५ मापाचं टी-५९ या पाकिस्तानी रणगाड्याचं मॉडेल रंगवायला घेतलंत आणि फवारा खरखरीत बसतोय म्हणता, त्यात हाताचा दोष नाही. जळगावचा मे आहे! ॲक्रिलिक रंग मॉडेलवर पोचायच्या आत हवेतच वाळतो. भल्या पहाटे मारा, रंगात थोडं रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य) घाला. ऑइल वॉशआधी, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ तेलरंग लावण्याआधी, ग्लॉस (चकचकीत) वार्निश हवंच, नाहीतर वॉश खाचांत न उतरता डाग पाडतो. शेतातली काळी माती चाळून लावायचा बेत मात्र पटला नाही. १९७१ च्या लोंगेवालाच्या लढाईत, थरच्या वाळूत, कपाशीची माती कुठून यायची? फिकट पिवळसर पिगमेंट (रंगाची कोरडी भुकटी) घ्या. चाकांशी भरपूर, टरेटवर (तोफेच्या फिरत्या बुरुजावर) जेमतेम. ट्रॅकच्या (चाकांवरच्या साखळीपट्ट्यांच्या) उंचवट्यांवर पेन्सिलीचं शिसं घासा, झिजलेलं लोखंड दिसतं.