दोन आजार, पण टाळणं एकच

प्रश्न असा आहे की नैराश्य आणि चिंता हे वेगळे आजार असताना माजी सैनिकांना एकच संवादोपचार कसा पुरेल. मला वाटतं, उत्तर 'टाळण्या'त आहे. गर्दीला घाबरणारा बाजारात जात नाही, नैराश्यातला माणूस अंथरुणातून उठत नाही. जग दोघांचंही आक्रसत जातं. बोस्टन विद्यापीठाच्या डेव्हिड बार्लो यांनी अशाच समान मुळांवर 'युनिफाइड प्रोटोकॉल', म्हणजे अनेक भावनिक आजारांवर चालणारा एकच उपचार, बांधला. अमेरिकेतल्या चार्ल्सटन शहरात माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात डॅनियल ग्रोस यांनीही असाच एकत्रित उपचार आखला: टाळलेल्या जागा, छातीतली धडधड, नकोशा आठवणी यांना थोडं थोडं सामोरं जायचं आणि सुटलेल्या आनंदाच्या गोष्टी पुन्हा धरायच्या.

हा शेवटचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. भीती ओसरली म्हणून मित्रांना भेटायची इच्छा आपोआप परत येत नाही, ती कृतीतून हळूहळू येते. शिवाय पॅनिक (अचानक येणारे तीव्र भीतीचे झटके), पीटीएसडी (भयंकर प्रसंगानंतर राहणारा मानसिक आघात), नैराश्य एकाच माणसात असतील तर आधी कशावर काम करायचं, हा घोळ कमी होतो.

मात्र जीव द्यायचे विचार येत असतील तर पुढच्या सत्राची वाट बघू नका. अमेरिकेत माजी सैनिकांनी ९८८ लावून १ दाबायचं, भारतात टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६.