शब्दचर्चा : 'सायकेडेलिक'ला मराठीत काय म्हणावं?

धागाकर्ता

मेलबर्नच्या 'किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्ड' या बँडवर मराठीत लिहायला बसलो आणि दुसऱ्याच ओळीत अडलो. 'सायकेडेलिक रॉक' वाजवणारा बँड म्हणजे मराठीत काय वाजवणारा बँड?

इंग्रजी शब्द १९५६ सालचा. हम्फ्री ऑझ्मंड या मानसोपचारतज्ज्ञाने तो लेखक ऑल्डस हक्सली यांना लिहिलेल्या पत्रात घडवला. ग्रीक 'सायकी' म्हणजे मन आणि 'डेलोस' म्हणजे उघड, स्पष्ट. त्याला मनाची अवस्था पालटणाऱ्या औषधांसाठी वेडेपणाचा वास नसलेला शब्द हवा होता. त्यामुळे 'भ्रमजनक' किंवा 'भासकारी' हे पर्याय मला चुकीचे वाटतात. जे टाळण्यासाठी मूळ शब्द जन्माला आला, तेच ते परत आणतात. मी 'चित्तोन्मेषी' असा शब्द केला आहे. उन्मेष म्हणजे पापणी उघडणं, उमलणं. कसा वाटतो?

प्रतिसाद १

व्युत्पत्तीला अगदी धरून आहे, पण कानाला काही सांगत नाही. 'चित्तोन्मेषी' वाचून मला प्रवचन आठवेल, गिटार आठवणार नाही.

मी गोव्यात वाढले. आमच्याकडे 'सायकेडेलिक' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हणजूणचा किनारा आणि ट्रान्स हे नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत येतं. त्यात गिटार जवळजवळ नसतेच, सगळा मशीनचा ठेका. म्हणजे एकच शब्द दोन वेगळ्या आवाजांना लागतो. मग शब्द आवाजाचा आहे की ऐकणाऱ्याच्या अवस्थेचा? मला वाटतं, अवस्थेचा.

प्रतिसाद २

अवस्थेचाच असेल तर मराठीत तो कधीपासून आहे : नाद.

'नाद' म्हणजे ध्वनी आणि 'नाद' म्हणजे छंद, वेड, ओढ. 'त्याला गाण्याचा नाद आहे', 'भलत्याच्या नादी लागला', 'पोरगं नादावलंय'. ऐकू येणारी गोष्ट आणि तिनं माणसाला लावलेली ओढ, दोन्ही एकाच शब्दात. इंग्रजीला हे जमवायला ग्रीकमधून दोन तुकडे आणावे लागले.

म्हणून माझी सूचना : विशेषण शोधू नका, क्रियापद घ्या. 'हा बँड नादावतो.' 'नादावणारा रॉक.' 'झिंग' मी मुद्दाम टाळतो, कारण तिला बाटलीचा वास आहे आणि ती उतरते. नाद उतरत नाही, तो सुटावा लागतो.

धागाकर्ता

हे फार आवडलं. पण अडचण अशी की या बँडचा आवाज एका जागी थांबत नाही, आणि दर अल्बमला मला नवा शब्द लागतो.

२०१४ च्या 'आय एम इन युअर माइंड फझ'मध्ये 'फझ' आहे. गिटारचा सूर मुद्दाम फाडून, खरवडून काढलेला. त्याला मी 'गुरगुर' म्हणतो. 'खरखर' बिघडलेल्या रेडिओची असते. गुरगुर जिवंत असते, तिच्यामागे जनावर असतं. पुढच्या वर्षी 'क्वार्टर्स!' आला. चार गाणी, प्रत्येक बरोबर दहा मिनिटं दहा सेकंदांचं. त्यातली तंद्री अगदी निराळी, दुपारच्या झोपेसारखी.

२०१६ चा 'नॉनॅगॉन इन्फिनिटी' म्हणजे नऊ गाणी एकमेकांत गुंतलेली, आणि नववं संपतं ते थेट पहिल्याच्या तोंडाशी. इंग्रजीत याला 'लूप' म्हणतात. आपल्याकडे 'आवर्तन' आहे आणि तो शब्द इथे जास्त खरा आहे. लूप म्हणजे नुसता फास, आवर्तनात समेवर येण्याचा आनंद असतो. पहिल्या गाण्याचं तोंड पुन्हा आलं की मान आपोआप हलते.

खरा पेच 'मायक्रोटोनल', म्हणजे अर्धस्वराहूनही बारीक अंतराचे सूर वापरणारा, या शब्दाचा. २०१७ साली त्यांनी पाच अल्बम काढले, त्यांतला पहिला 'फ्लाइंग मायक्रोटोनल बनाना'. याला सरळ 'श्रुतिप्रधान' म्हणू का?

प्रतिसाद ३

कृपया म्हणू नका. मी सतार शिकतो, त्यामुळे इथे थोडं लांबण लावतो.

या अल्बमसाठी बँडचा गायक-गिटारवादक स्टू मॅकेन्झी याची पिवळी 'बनाना' गिटार वापरली, ती जादा पडदे बसवलेली. ('फ्रेट'ला सतारीवरचा 'पडदा' हा शब्द तयार आहे, तोच वापरा.) सप्तकाचे नेहमी बारा समान भाग असतात, इथे चोवीस समान भाग. म्हणजे प्रत्येक अर्धस्वराचे दोन तुकडे. मागची प्रेरणा तुर्कस्तानच्या 'बाग्लामा' या तंतुवाद्याची. त्याचे पडदे बांधलेले असतात, सतारीसारखे सरकवता येतात.

श्रुती, म्हणजे आपल्या संगीतातली सूक्ष्म स्वरांतरं, हा वेगळा हिशोब आहे. त्या बावीस, आणि सप्तकात त्यांची वाटणी असमान : षड्ज, मध्यम, पंचमाला चार-चार, ऋषभ-धैवताला तीन-तीन, गंधार-निषादाला दोन-दोन. श्रुती नावाप्रमाणे ऐकून ठरते, पट्टीने आखून नाही. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्यांच्या कामात अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा होता. बनाना गिटारवरचे स्वर मात्र अगदी समान अंतराने आखलेले आहेत. त्यांना 'श्रुती' म्हटलं तर दोन्हींवर अन्याय होतो.

अर्धस्वर हा शब्द रूढ आहेच. त्याचा अर्धा म्हणजे पावस्वर. वाण्याच्या दुकानातलं पाव-अर्धा-पाऊण आपल्या अंगात मुरलेलं आहे, समजावून सांगावं लागणार नाही. 'पावस्वरी गिटार' म्हणा. कोमल आणि शुद्ध गंधाराच्या बरोबर मध्ये पडणारा सूर या अल्बममध्ये आला की आधी बेसूर वाटतो. तिसऱ्यांदा ऐकताना तोच हवासा होतो.

प्रतिसाद १

'पावस्वर' उत्तम. त्याच अल्बममध्ये झुर्ना वाजते, ती सनईच्याच कुळातली. पहिल्यांदा ऐकताना मला कोणाच्या तरी लग्नाचा मांडव दिसला होता. इंग्रजी समीक्षक तिच्याबद्दल 'परका', 'गूढ' असं लिहितात, तेव्हा मराठीत लिहिणाऱ्यानं ते शब्द उचलू नयेत. आपल्या कानाला ती परकी नाही.

प्रतिसाद २

माझ्या सूचनेला एक मर्यादा घालतो. 'नादावणारा' हा शब्द २०१९ च्या 'इन्फेस्ट द रॅट्स नेस्ट'ला लावू नये. तो सरळ थ्रॅश मेटल आहे, तिथे 'दणका', 'घण' असे शब्द हवेत. आणि २०२१ चा 'बटरफ्लाय ३०००' सिंथेसायझरवर उभा आहे, तो झुळझुळतो. एकच विशेषण बँडच्या कपाळावर डकवलं की प्रत्येक अल्बमचं ऐकणं पातळ होतं.

धागाकर्ता

मान्य. शीर्षकात 'सायकेडेलिक' तसाच ठेवतो, कारण शोधणारा तोच शब्द घेऊन येणार. मजकुरात गुरगुर, आवर्तन, पडदा, पावस्वर, आणि जिथे खरंच तसं होतं तिथे नादावणं. 'चित्तोन्मेषी' काढून टाकला.

एक उरलं. 'पॉलिगोंडवानालँड' हा अल्बम २०१७ च्या नोव्हेंबरात त्यांनी फुकट दिला, मूळ ध्वनिफितींसकट. ज्याला हवं त्यानं तबकड्या काढाव्यात, विकाव्यात. 'मोफत' म्हटलं की नुसतं पैशांचं कळतं, हक्काचं राहून जातं. 'मुक्तद्वार' कसा वाटतो?

प्रतिसाद ३

'मुक्तद्वार' चालेल. मला मात्र 'लुटवला' जास्त जवळचा वाटतो. दसऱ्याला सोनं लुटतात, तसा.