मदत हवी आहे: खासदारांच्या ऑफिसात 'मत सांगायचंय' म्हटलं की 'काम काय' विचारतात

चौथी_सीट | मंगळवार, ९ डिसेंबर २०२५, रात्री ११.५२

मंडळी, डोकं फिरलंय म्हणून थोडक्यात लिहितो. चार दिवस खासदारांच्या ऑफिसला फोन लावतोय. तीनदा कोणी उचललाच नाही. काल एका मुलाने उचलला. बोलणं जसंच्या तसं:

"बोला, काय काम होतं?"
"काम नाही. एका विधेयकाबद्दल माझं मत सांगायचंय."
"मत? मतदान तर मागच्या वर्षी झालं ना."
"तसं मत नाही हो. साहेबांनी पाठिंबा द्यावा, असं कळवायचंय."
"बरं. दाखला वगैरे हवाय का?"

मागे कुकरच्या शिट्ट्या. मग फोन कट.

कोणी असा फोन केलाय का? नेमका कुठे करायचा, बोलायचं काय, कोणी लिहून घेतं का? लवकर सांगा, अधिवेशन १९ तारखेला संपतंय.

वडापाव_विदाउट_चटणी | बुधवार, सकाळी ७.१०

कुठलं विधेयक? कुठला मतदारसंघ? खासदार लोकसभेचे की राज्यसभेचे? तेवढं सोडून सगळं लिहिलंत.

टपालखातं | सकाळी ८.३५

फोन विसरा. साध्या कागदावर पत्र लिहा, दोन प्रती काढा, ऑफिसात स्वतः नेऊन द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख मारून पोच घ्या. पोच असली की पंधरा दिवसांनी 'माझ्या पत्राचं काय झालं' म्हणून विचारता येतं. फोनचं काय विचारणार? मी फुटपाथच्या पेव्हर ब्लॉकसाठी अकरा पत्रं दिली, अकराही पोची फाइलमध्ये आहेत.

वडापाव_विदाउट_चटणी | सकाळी ८.४१

आणि पेव्हर ब्लॉक?

टपालखातं | सकाळी ८.५०

तो वेगळा विषय आहे.

जर्सीतली_मावशी | सकाळी ९.२०

आमच्याकडे हे फार सोपं आहे हो. मी न्यू जर्सीत असते. काँग्रेसमनच्या, म्हणजे इथल्या खासदाराच्या ऑफिसात बहुतेक वेळा कॉलेजातली इंटर्न मुलं फोन घेतात. नाव आणि झिपकोड विचारतात, बिल कुठलं, बाजूने की विरोधात, एवढं नोंदवून घेतात. एका मिनिटाच्या आत संपतं. वाद घालायचा नाही, भाषण करायचं नाही, एका फोनमध्ये एकच मुद्दा. संध्याकाळी ऑफिस बंद असेल तर व्हॉइसमेलवर ठेवायचं.

कायदेपंडित_दादर | सकाळी १०.०५

मावशी, तिथलं गणित इथे बसत नाही. तुमचा काँग्रेसमन पक्षाच्या विरोधात मत देऊन दुसऱ्या दिवशी घरी जेवू शकतो. आपल्याकडे १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी आली. व्हिप, म्हणजे असंच मत द्या हा पक्षाचा आदेश, निघाला आणि तो मोडला तर खासदारकी जाऊ शकते. मग पीए कशाला रकाने भरत बसेल? शिवाय मुंबईत सहा खासदार, एकेका मतदारसंघात पंधरा लाखांच्या आगेमागे मतदार. त्याच्या फोनवर येतं काय? शाळेचा प्रवेश, हॉस्पिटलातली खाट, दाखला, रेल्वेचं वेटिंग. त्या मुलाने दाखल्याचं विचारलं ते टिंगल म्हणून नव्हे, सवयीने.

धागाकर्ते, विधेयक सांगा म्हणजे पुढे बोलता येईल.

चौथी_सीट | दुपारी १.४८

लंच टाइम आहे, पटकन लिहितो. विधेयक म्हणजे राइट टू डिस्कनेक्ट. ऑफिस सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी साहेबाचा फोन किंवा ईमेल न घेण्याचा हक्क. ५ तारखेला शुक्रवारी लोकसभेत सुप्रिया सुळे यांनी मांडलं. मला वाटलं पेपरात आलंय म्हणजे सगळ्यांना माहीत असेल. खासदार लोकसभेचे. मतदारसंघ सांगत नाही, आमचा मॅनेजर मराठी आहे आणि धागे वाचतो.

कायदेपंडित_दादर | दुपारी २.१५

मग आधी ऐका. ते सरकारी विधेयक नाही, अशासकीय आहे. कुठलाही बिनमंत्री खासदार मांडू शकतो, त्यासाठी शुक्रवारची दुपार राखलेली असते. स्वातंत्र्यापासून अशी १४ विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० साली. सुळेंनी हेच २०१८ मध्येही मांडलं होतं. ती लोकसभा संपली, त्याबरोबर विधेयकही. तुमच्या खासदाराने पाठिंबा दिला तरी मतदानापर्यंत गाडी जाण्याची शक्यता फार कमी.

कोल्हापुरी_इन_कांदिवली | दुपारी २.३०

म्हणून फोनच करायचा नाही? बरं आहे की. उलट अशासकीय विधेयकावर बहुधा व्हिप नसतो, म्हणजे इथेच खासदार स्वतःचं बोलू शकतो. तुमचंच दहावं परिशिष्ट तुमच्यावर उलटलं पंडित.

कायदेपंडित_दादर | दुपारी २.३४

बोलू शकतो. बोलतो का, हा प्रश्न आहे.

आजोबा_गोरेगाव | दुपारी ३.१०

तुमचे हे फोनबिन वाचून हसू येते. आमच्या वेळी फोनचा नंबर लागायला वर्षे जात. आख्ख्या चाळीला फोन एकच, तोही खाली वाण्याकडे, आणि त्याच्यासमोर सरकारबद्दल बोलायची सोय नाही. आम्ही पाण्यासाठी समाजवादी नेत्या मृणालताई गोऱ्यांबरोबर हंडे घेऊन जात असू. महागाईच्या वेळी बायका लाटणी घेऊन निघाल्या. १९७७ ला ताई लोकसभेवर गेल्या तेव्हा घोषणा होती, 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में.' दिल्लीवाली म्हणजे इंदिरा गांधी, त्या हरल्या होत्या. आमच्या सौ.चे लाटणे अजून आहे. एका बाजूला चिरले आहे, पोळ्या कडेला जाड होतात, पण टाकू देत नाही. फोनवर लाटणे कसे दाखवणार?

पाणी_कधी_येणार | दुपारी ३.२२

पाण्यावरून आठवलं, आमच्याकडे चार दिवस गढूळ पाणी येतंय. नगरसेवकाला फोन करू का?

वडापाव_विदाउट_चटणी | दुपारी ३.२५

मार्च २०२२ पासून मुंबईत नगरसेवकच नाहीत, प्रशासक आहे. माजी असतील, फोनही उचलतील, निवडणूक आलीय ना. तुम्ही पालिकेच्या १९१६ नंबरला तक्रार करा. आणि वेगळा धागा काढा.

कोल्हापुरी_इन_कांदिवली | दुपारी ४.००

आजोबांशी सहमत. लांब कशाला जायचं, याच वर्षीचं बघा. पहिलीपासून हिंदीचे १६ एप्रिल आणि १७ जूनचे दोन्ही जीआर सरकारने २९ जूनला मागे घेतले, दुसऱ्या दिवशी अधिवेशन आणि ५ जुलैला मोर्चा ठरलेला. ते काय कोणी पीएला फोन केला म्हणून?

शाळामास्तर_निवृत्त | दुपारी ४.४०

फोनही केले होते. आमच्या ओळखीच्या शिक्षकांनी शिक्षक आमदारांचं डोकं खाल्लं होतं. मोर्चाचा फोटो निघतो, फोनचा निघत नाही, एवढाच फरक.

धागाकर्त्यास: फोन उचलल्यावर पहिलं वाक्य 'मी तुमच्या मतदारसंघातला मतदार' असं म्हणा, 'मत सांगायचंय' नको. 'निवेदन आहे' म्हणा. निवेदन हा शब्द त्यांच्या रजिस्टरात बसतो. कधीकधी मतदार यादीतला भाग क्रमांक विचारतात, तो हाताशी ठेवा.

चौथी_सीट | संध्याकाळी ७.५५

'निवेदन' हे बेस्ट आहे, धन्यवाद सर. पण भाग क्रमांकाची भानगड आहे. माझं नाव अजून गावच्या यादीत आहे, कोकणात. मुंबईत सोळा वर्षं राहतोय. हे आधी लिहायचं राहिलं.

वडापाव_विदाउट_चटणी | रात्री ८.०२

सोळा वर्षं!! आणि पाठिंबा मागताय इथल्या खासदाराकडे?

चेंबूरचा_चहा | रात्री ८.२०

हसू नका हो, मी चेंबूरला राहून ईशान्य मुंबईच्या खासदारांना दोन वर्षं ईमेल पाठवले. घाटकोपर-मुलुंड आपल्या रांगेत, म्हणजे आपणही तिथलेच असं वाटायचं. आम्ही दक्षिण मध्यमध्ये, धारावी आणि माहीमबरोबर. आणि शेजारचं कुर्ला उत्तर मध्यमध्ये. आधी संसदेच्या साइटवर बघा, खासदारांचे पत्ते, फोन सगळं असतं.

कायदेपंडित_दादर | रात्री ८.३०

एक राहिलं. कामगार हा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांकडे आहे आणि दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा कायदा राज्याचा. त्यातले दिवसाचे नऊ तास दहा करायला सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. तुमचे तास आमदारांच्या टेबलावर आहेत आणि तुम्ही दिल्ली गाठताय. आमदारांना पकडा. अर्थात या आठवड्यात ते अधिवेशनासाठी नागपुरात.

जर्सीतली_मावशी | रात्री ८.५५

एक साधं विचारू? तुम्ही फोन किती वाजता करता?

चौथी_सीट | रात्री ११.२०

कधी करणार? सकाळी ८.०४ ची लोकल, संध्याकाळी सुटायला आठ, घरी साडेनऊ. जेवून दहा-सव्वादहाला करतो. साइटवरचा ऑफिसचा नंबर कोणी उचलत नाही, म्हणून ओळखीच्या कार्यकर्त्याकडून त्या मुलाचा मोबाइल मिळवला.

जर्सीतली_मावशी | रात्री ११.२४

म्हणजे ऑफिस सुटल्यावर घरी जेवायला बसलेल्या माणसाला कामाचे फोन येऊ नयेत, हे सांगायला तुम्ही...

वडापाव_विदाउट_चटणी | रात्री ११.२५

कुकरच्या शिट्ट्या!!! साष्टांग दंडवत.

आजोबा_गोरेगाव | रात्री ११.३१

मुलाने फोन उचलला हेच पुष्कळ.

टपालखातं | गुरुवार, सकाळी ८.१५

पत्र दिलं असतं तर ही वेळ आली नसती. पोच घ्या.

चौथी_सीट | शनिवार, रात्री ११.०५

अपडेट. चूक कबूल. गुरुवारी त्या मुलाला मेसेज केला, 'दादा, रात्री फोन केले त्याबद्दल सॉरी, निवेदन आहे, तुमच्या सोयीने सांगा.' नाव यादीत आणायचा फॉर्म ६ की ८ यावरून बायकोशी वाद झाला. घर बदललं म्हणजे ८, ती बरोबर होती. भरला.

आत्ता पावणेअकराला त्या मुलाचा फोन आला. "साहेब दौऱ्यावरून आले, मीही आत्ताच मोकळा झालो, सांगा तुमचं निवेदन." मी 'मी मतदार' इतकंच म्हटलं आणि कानात टुकटुक सुरू झालं. बघतो तर दुसऱ्या लाइनवर मॅनेजर.

मॅनेजरचा घेतला.

शाळामास्तर_निवृत्त | रात्री ११.१२

असो. त्या मुलाला सोमवारी अकरानंतर करा, रात्री नको.