आईचे खरे फोटो आणि ट्रेंडमध्ये बनवलेले फोटो वेगळे कसे ठेवू? (मदत हवी आहे)

मूळ प्रश्नकर्ती

नमस्कार. प्रश्न तांत्रिकच आहे, पण थोडं घरचं सांगावं लागेल, नाहीतर मी एवढी का अडून बसले आहे ते कळणार नाही.

आईला जाऊन तीन वर्षं झाली. तिचे फोटो आमच्याकडे सगळे मिळून ३१. तिला फोटो काढून घेणं आवडायचं नाही. समोरच्या दोन दातांत फट होती, त्यामुळे ती ओठ मिटूनच हसायची. डाव्या हाताची करंगळी लहानपणी मोडून वाकडी बसली होती, म्हणून तो हात दुसऱ्या हाताखाली ठेवायची. ३१ पैकी दोनच फोटोंत ती करंगळी दिसते.

मागच्या महिन्यात ताईच्या मुलीने (वय १७) एका नव्या एआय साधनात आईचा फोटो टाकून एक चित्र बनवलं. आई दादाच्या मुलाला मांडीवर घेऊन बसली आहे. दादाचा मुलगा दीड वर्षाचा आहे. आईने त्याला कधी पाहिलंच नाही. भाचीने हे प्रेमाने केलं, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. त्या आठवड्यात सगळे आपापल्या गेलेल्या माणसांची अशीच चित्रं टाकत होते, तिलाही वाटलं आपल्या आजीचं करावं. घरच्या ग्रुपवर ते आलं आणि सगळे रडले. मीही रडले. दादाने ते छापून भिंतीवर लावलं.

मग रात्री मी ते मोठं करून पाहिलं. आई दात दाखवून हसते आहे, दात एकसारखे. करंगळी सरळ आहे.

त्यानंतर घरात चढाओढच लागली. कुणी जुना धूसर फोटो 'साफ' केला, कुणी रंगीत केला, कुणी आई-बाबांना एकत्र बसवलं. आमच्या सामायिक अल्बममध्ये आता ४४ फोटो आहेत. परवा काकांनी त्यातलं एक बनवलेलं चित्र बघून विचारलं, "हा कुठल्या वर्षीचा गं?" आईला लहानपणापासून ओळखणारा माणूस!

तर मला मदत हवी आहे ती अशी. बनवलेला फोटो खात्रीने ओळखायची काही सोय आहे का? आईचे जे मूळ फोटो त्या साधनांत गेले ते काढून टाकता येतात का? आणि वीस वर्षांनीसुद्धा कळेल अशी खूण कशी करायची? भाचीशी यावर कसं बोलावं हेही कुणी सांगितलं तर बरं होईल. तिला वाईट वाटायला नको आहे.

निळी शाई

तुमचं वाचून गलबललं. ओळखण्याबद्दल जेवढं पक्कं माहीत आहे तेवढं सांगतो.

हे सगळं एवढं सोपं का झालं ते आधी. गूगलने २६ ऑगस्ट २०२५ ला जेमिनी या आपल्या एआय साधनात चित्रं बदलण्याचं नवं मॉडेल आणलं. लोक त्याला नॅनो बनाना म्हणतात. आधीच्या साधनांत दर वेळी चेहरा थोडा बदलायचा. यात चेहरा बऱ्यापैकी तोच राहतो आणि दोन वेगवेगळे फोटो एकत्र करता येतात. म्हणून आधी स्वतःचं छोट्या मूर्तीसारखं चित्र बनवण्याचा ट्रेंड आला आणि पाठोपाठ जवळच्या माणसांसोबतच्या फोटोंचा. त्याच वर्षी मार्चमध्ये चॅटजीपीटीत चित्रांची नवी सोय आली होती, तेव्हा सगळ्यांचे चेहरे कार्टून झाले होते. पण कार्टून खरं आहे असं कुणाला वाटत नाही. तुमच्याकडचा घोळ या नव्या प्रकारामुळे आहे.

गूगलच्या साधनात बनलेल्या चित्रात सिंथआयडी नावाची अदृश्य खूण असते. गूगल डीपमाइंडने ती २०२३ मध्ये जाहीर केली. ती चित्राच्या पिक्सेलमध्येच मिसळलेली असते, त्यामुळे थोडी काटछाट झाली किंवा फाइल लहान केली तरी सहसा टिकते. नोव्हेंबर २०२५ पासून जेमिनी ॲपमध्येच चित्र टाकून विचारता येतं की हे गूगलच्या एआयने बनवलं आहे का.

दुसरी पद्धत सी-टू-पी-ए. चित्र कशाने बनलं, कशाने बदललं, याची सही केलेली नोंद फाइलसोबत जाते. चॅटजीपीटी बनवणारं ओपनएआय आपल्या चित्रांत ती घालतं. लायका या कॅमेरा कंपनीने २०२३ मध्ये कॅमेऱ्यात आणली आणि गूगलच्या पिक्सेल १० फोनच्या कॅमेऱ्यातही ती आहे, म्हणजे खऱ्या फोटोलासुद्धा दाखला मिळतो. कल्पना मला फार आवडते. अडचण एवढीच की ही नोंद फाइलला जोडलेली असते. स्क्रीनशॉट काढला की गेली. मेसेजिंग ॲपवरून फोटो म्हणून पाठवलं तरी बहुतेक वेळा जाते. तुमचे फोटो ग्रुपवरून फिरले आहेत, तेव्हा ती सापडायची आशा धरू नका.

एक लक्षात ठेवा. सिंथआयडीची खूण सापडली तर चित्र एआयने बनवलेलं किंवा बदललेलं. सापडली नाही तर काहीच सिद्ध होत नाही.

पायरीवरची

मूळ फोटो काढण्याबद्दल.

जेमिनी वापरलं असेल तर खात्याच्या सेटिंगमध्ये जेमिनीची ॲक्टिव्हिटी उघडा. तिथून संभाषणं काढता येतात. आपोआप पुसण्याची मुदत मुळात १८ महिने असते, ती ३ महिन्यांवर आणता येते. पण काही संभाषणं माणसं तपासतात. ती खात्यापासून वेगळी करून तीन वर्षांपर्यंत ठेवली जातात आणि तुम्ही ॲक्टिव्हिटी पुसली तरी ती पुसली जात नाहीत. हे गूगलनेच लिहिलेलं आहे. चॅटजीपीटीत संभाषण डिलीट केलं की साधारण ३० दिवसांत ते काढलं जातं, आणि आपला मजकूर मॉडेल सुधारण्यासाठी वापरू देण्याची सेटिंग वेगळी आहे, तीही बंद करा.

पण भाचीला आधी हे विचारा की तिने नेमकं कोणतं ॲप वापरलं. ट्रेंड आला की त्याच नावाची, तसंच चिन्ह असलेली इतर ॲप्स येतात आणि सगळी गॅलरी मागतात. तसं असेल तर पहिलं काम गॅलरीची परवानगी काढणं.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल दादाकडे बसून एकेक चित्र तपासलं. १३ पैकी ८ मध्ये सिंथआयडी सापडली. दोन आम्हाला नुसत्या डोळ्यांनी कळली. उरलेली तीन मात्र भाचीने एका तिसऱ्याच ॲपवर केली होती, आणि पायरीवरची म्हणतात तसंच निघालं. त्याला तिच्या सगळ्या फोटोंची परवानगी होती. काढली. त्या ॲपमध्ये खातं बंद करायची जागा सापडेना, तेव्हा त्यांच्या गोपनीयता धोरणातल्या पत्त्यावर ईमेल लिहिली आहे.

एका फोटोने मात्र डोकं फिरवलं आहे. दादाने 'साफ' केलेला. त्याचं म्हणणं, हा खराच आहे, मी फक्त स्पष्ट केला. आता याला खऱ्यांत धरायचं की नाही?

कपाटातले अल्बम

मी जुनी कागदपत्रं आणि फोटो जतन करण्याचं काम करते. या शेवटच्या प्रश्नावर सविस्तर लिहिते, कारण माझ्याकडे येणाऱ्या घरांत सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

धूसर फोटोत जी माहिती नाही ती कुठलंही साधन परत आणू शकत नाही. उजेड वाढवणं, ओरखडा भरणं वेगळं. पण धूसर चेहरा स्पष्ट करायला सांगितला की मॉडेल असे हजारो चेहरे पाहिलेले असल्यामुळे इथे काय असावं याचा अंदाज बांधतं आणि तो अंदाज रंगवतं. २०२० मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांचं धूसर चेहरे स्पष्ट करणारं पल्स नावाचं साधन चर्चेत आलं होतं. त्याला बराक ओबामांचा चौकोनी ठिपक्यांचा, धूसर झालेला फोटो दिला तेव्हा त्यातून एक गोरा माणूस बाहेर आला. तुमच्या आईची करंगळी सरळ झाली त्याचं कारण हेच. बहुतेकांच्या करंगळ्या सरळ असतात, बहुतेक हसऱ्या चित्रांत दात ओळीत असतात. मॉडेल बहुतेकांकडे ओढतं. आपलं माणूस आपल्याला आठवतं ते मात्र जिथे ते बहुतेकांसारखं नसतं तिथेच.

तेव्हा दादांचा फोटो बनवलेल्यांतच ठेवा. त्यांना दुखवायची गरज नाही, 'मूळ फोटोवरून केलेलं चित्र' म्हणा.

खुणेबद्दल. लपलेल्या नोंदींवर विसंबू नका. चित्राच्या खाली पांढरी पट्टी जोडा आणि त्यावर लिहा: कुणी, कधी, कशावरून बनवलं. पट्टी चित्राचाच भाग झाली की स्क्रीनशॉटमध्येही राहते आणि छापलं तरी राहते. फाइलच्या नावाची सुरुवात 'बनवलेले' या शब्दाने करा. फाइलच्या वर्णनाच्या रकान्यातही तेच लिहा. अल्बम दोन करा आणि खऱ्या अल्बममध्ये भर घालायचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा. घरात खरे फोटो पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फाइल जशीच्या तशी जाते.

आणि ३१ मूळ फोटो पुन्हा स्कॅन करा, ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके), टिफ या फाइल प्रकारात. मागची बाजूसुद्धा. मागे काही लिहिलेलं नसलं तरी स्टुडिओचा शिक्का, कागदाचा प्रकार यावरून काळ कळतो. प्रती तीन ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरात.

संध्याकाळ

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. माझ्या वडिलांना त्यांच्या आईचा एकही फोटो नव्हता. आम्ही त्यांना विचारून विचारून एक चित्र बनवलं. नाक असं नव्हतं, कपाळ थोडं रुंद, असं करत तीन दिवस गेले. चेहरा कितपत जुळला देव जाणे, पण त्या तीन दिवसांत ते आईबद्दल जेवढं बोलले तेवढं आयुष्यात बोलले नव्हते. म्हणून भिंतीवरचं चित्र लगेच उतरवायला सांगू नका. तुमच्या भाचीला कदाचित आजी आणि बाळाची भेट झाली नाही याचंच दुःख असेल, आणि ते तिने तिला जमेल तसं सांगितलं.

निळी शाई

संध्याकाळ यांचं म्हणणं मला पटतं, फक्त त्या दीड वर्षाच्या मुलाचा विचार करा. २००२ मध्ये मानसशास्त्राच्या संशोधक किम्बर्ली वेड आणि सहकाऱ्यांनी २० प्रौढांना त्यांच्या बालपणीचे फोटो दाखवले. त्यांत एक बनावट होता, गरम हवेच्या फुग्यातल्या सफरीचा. सफर कधी झालीच नव्हती. तीन बैठकांनंतर त्यातल्या निम्म्या लोकांना ती थोडीफार किंवा पूर्ण 'आठवू' लागली. तो बनाव साध्या फोटो एडिटिंगचा होता. तुमचा भाचा त्या भिंतीखालीच मोठा होणार आहे. चित्र राहू दे, पण त्याला पट्टी हवीच.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांना एकत्रच लिहिते.

भाचीशी बोलले. सुरुवात तिच्या चित्राने केली नाही. करंगळी दिसते ते दोन फोटो काढले आणि ती कशी मोडली ते सांगितलं. तिला ठाऊकच नव्हतं. आजी हात लपवायची हेही तिच्या लक्षात आलं नव्हतं. ती बराच वेळ दोन्ही फोटो बघत बसली. मग आपणहून म्हणाली, "मावशी, माझ्या चित्रातली करंगळी चुकली आहे." मी म्हटलं, चूक तुझी नाही, त्या साधनाला आजी माहीत नव्हती. संध्याकाळ, तुम्ही म्हणालात तेही खरं निघालं. तिला बाळाचंच वाईट वाटत होतं.

भिंतीवरचं चित्र दादाने खाली पट्टी जोडून पुन्हा छापलं. पट्टीवरचा मजकूर भाचीने लिहिला आहे: "आजी आणि बाळ भेटले नाहीत. भेटले असते तर, म्हणून हे चित्र मी बनवलं." खाली तिचं नाव आणि तारीख. त्याच्या शेजारी आता आईचा खरा फोटो आहे, ओठ मिटलेला.

अल्बम दोन केले. खऱ्यांत भर घालायचं काम भाचीकडे दिलं आहे, ते तिनेच मागून घेतलं. काका रुसले होते, त्यांना प्रत्येक फोटोचं साल विचारून नोंदवून घ्यायला सांगितलं, तेव्हा खुलले. त्या तिसऱ्या ॲपकडून अजून उत्तर आलेलं नाही. आलं की कळवते.

स्कॅनिंग सुरू आहे, आतापर्यंत ९ झाले. कपाटातले अल्बम, एक विचारायचं राहिलं. चार फोटो काळ्या जाड कागदाला गोंदाने घट्ट चिकटलेले आहेत, आणि त्यातल्या एकाच्या मागे आईचं अक्षर असावं असं कडेने दिसतं. ते सोडवायचा प्रयत्न करू, की कागदासकटच स्कॅन करू?

कपाटातले अल्बम

सोडवू नका. वाफ, पाणी, केस वाळवायचं यंत्र, काहीही नको. आधी पूर्ण पान जसं आहे तसं स्कॅन करा. मग कडेचं अक्षर दिसतं त्या बाजूने तिरका उजेड टाकून फोनने जवळून फोटो घ्या, दाबून लिहिलेलं असेल तर थोडं वाचता येईल. गोंद कोणता आहे ते पाहून पुढचं ठरवू. पानाच्या एका कोपऱ्याचा स्पष्ट फोटो इथे टाका.