सर ओरडले की पाय बोनस रेषेपर्यंत जातच नाही

मी दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजच्या कबड्डी संघात चढाई करते. आधीचे सर चढाईला जाण्याआधी विचारायचे, "डावा कोपरा कसा वाटतोय?" नवे सर सगळं बाहेरून ओरडून सांगतात. परवा सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या. तिसऱ्यात गुण हवाच, नाहीतर बाद. समोर सहा जणी, बोनस रेषेपलीकडे पाय टाकून गुण सहज होता, पण सरांचा "हात लाव!" ऐकून मी आत घुसले आणि कोपऱ्यातल्या बचावपटूनं घोटा धरला. नंतर सगळ्यांसमोर बोलणी. आता सरावाला जायचंच जिवावर येतं. तुमचं कसं होतं?

डावा कोपरा: ३० सेकंदांत कुणाचं ऐकणार! आमच्या सरांचा नियम: मैदानात कर्णधार बोलणार, सर फक्त टाइम-आउटला. शिव्या खूप खाल्ल्या, पण बंद खोलीत. त्याचं काही वाटायचं नाही.

बीपीएड२: चेल्लादुराई आणि सालेह यांची प्रशिक्षकांच्या वागण्यावरची १९८० ची प्रश्नावली आम्हाला अभ्यासाला आहे. ४० विधानं, त्यात हुकूमशाही वागणं वेगळं आणि प्रशिक्षण-सूचना वेगळ्या मोजतात. तुझे सर दोन्ही एकच समजतात बहुतेक.

जुना खेळाडू: ओरडणारे सर वाईटच असं नाही हं. नवख्या पोरांना थेट सांगावंच लागतं. पण तू नवखी नाहीस. कर्णधाराला घेऊन सरावाआधी भेट, सामना हरल्याच्या संध्याकाळी नको.

प्रश्नकर्ती: कर्णधारच घाबरते त्यांना. बघते, सोमवारी दोघी जातो.