शब्दचर्चा : ओस वास्तूंमध्ये हिंडण्याच्या छंदाला मराठीत काय म्हणावे?

गोदाकाठ
नाशिकमध्ये भरणाऱ्या एका छायाचित्र-प्रदर्शनासाठी मी इंग्रजी टिपण मराठीत आणत आहे. विषय आहे ‘अर्बन एक्सप्लोरेशन’, म्हणजे वापरातून गेलेल्या गिरण्या, इस्पितळे, भुयारे यांत शिरून ती पाहण्याचा आणि टिपण्याचा छंद. टिपणाची सुरुवात पॅरिसच्या वाल-द-ग्रास इस्पितळातील द्वारपाल फिलिबेर आस्पेर याच्या कथेने होते. तो १७९३ मध्ये शहराखालच्या जुन्या खाणींत उतरला आणि वाट चुकला. १८०४ मध्ये त्याचा सांगाडा सापडला, तो किल्ल्यांच्या जुडग्यावरून ओळखला गेला असे सांगतात. हे छंदी लोक त्याला आपला पूर्वज मानतात. इथपर्यंत काही अडले नाही. पुढे ‘अबॅन्डन्ड बिल्डिंग’साठी मी ‘पडीक इमारत’ लिहिले आणि काकूंनी मला थांबवले. त्यांच्या मते पडीक असते ती जमीन, वाडा असतो तो पडका. मी मात्र लहानपणापासून ‘पडीक बंगला’ ऐकत आलो आहे. कोणाचे बरोबर?

तिवंधेकर
काकूंचे बरोबर आहे, पण अर्धेच. ‘पडका’ म्हणजे ज्याची पडझड झाली आहे तो. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत एखादा कारखाना बंद पडलेला असतो, परंतु त्याचे पत्रे आणि खांब शाबूत असतात. त्याला पडका कसे म्हणणार? तिथे ‘पडीक’च चालेल. गंमत अशी की माणसाबद्दल हाच शब्द अगदी उलट वापरतात. ‘तो दिवसभर कॉलेज रोडवर पडीक असतो’ म्हणजे तो तिथून हलतच नाही.

शब्दवेडी
‘परित्यक्त वास्तू’ असे कोणी सुचवण्याआधीच विरोध नोंदवते. परित्यक्ता म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर नवऱ्याने टाकलेली स्त्री येते आणि तिचे दुःख मध्येच उभे राहते. दुसरे असे की ‘वास्तू’ हा शब्द ‘वस्’ म्हणजे राहणे या धातूपासून आला आहे, आणि अरबीतून आलेल्या ‘इमारत’ शब्दाच्या मुळाशीही वस्ती करणे, नांदते करणे हाच अर्थ आहे. म्हणजे दोन्ही शब्दांत माणसांचे नांदणे गृहीत धरलेले आहे. कोणतेही विशेषण लावले तरी ते या गृहीतकाशी भांडणारच.

भगूरकर
आपण विशेषणावर अडलो आहोत, छंदाच्या नावाचे काय? माझा आग्रह ‘नगरशोधन’साठी आहे. सावरकर आमच्या भगूरचे. त्यांनी दिलेले ‘महापौर’ आणि ‘दिग्दर्शक’ हे शब्द आज कोणालाही बोजड वाटत नाहीत. शब्द वापरला की रुळतो, आणि न वापरताच तो कृत्रिम ठरवणे हा अन्याय आहे.

शब्दवेडी
‘नगरशोधन’ ऐकून मला नगररचना खात्याचे सर्वेक्षण आठवते. जपानी लोक या छंदासाठी ‘हाइक्यो’ म्हणतात, म्हणजे सरळ ‘अवशेष’. फ्रेंच लोकांनी ‘उर्बेक्स’ हे आखूड रूप आपलेसे केले. जर्मन तर अशा जागांना ‘लॉस्ट प्लेसेस’ म्हणतात, शब्द इंग्रजी असूनही हा प्रयोग त्यांचा स्वतःचा आहे. शुद्धतेचा आग्रह धरण्यापूर्वी हे पाहावे.

तिवंधेकर
‘अर्बन एक्सप्लोरेशन’ हे नाव रूढ करण्याचे श्रेय टोरोंटोच्या जेफ चॅपमन यांना देतात. ‘निन्जालिशस’ या टोपणनावाने त्यांनी १९९६ मध्ये ‘इन्फिल्ट्रेशन’ नावाचे छोटे नियतकालिक काढले. त्या नावाचा नेमका मराठी शब्द आपल्याकडे तयार आहे : शिरकाव. त्यात परवानगीचा प्रश्नही आपसूक येतो. ‘अतिक्रमण’ कायद्यातला शब्द असला तरी नाशिककराला त्यावरून रस्त्यावरच्या टपऱ्या आणि महापालिकेची गाडीच आठवेल.

आता माझा अनुभव सांगतो, कारण ‘अबॅन्डन्ड’ या कल्पनेबद्दलच मला शंका आहे. तिवंध्याजवळच्या एका वाड्यात मी एका हिस्सेदाराच्या परवानगीने गेलो होतो. दिंडी उघडताना कडीच हातात आली. माजघरातल्या देवळीच्या वर दिव्याच्या काजळीचा बोटभर रुंद पट्टा होता, आणि तिच्याखाली चुन्याच्या भिंतीवर शिसपेन्सिलीने लिहिलेला दुधाचा हिशेब होता : शेर, अच्छेर, अच्छेर, आणि एका ओळीत नुसते ‘खाडा’. त्या दिवशी गवळी आला नव्हता, की घरातलेच गावाला गेले होते, याचा विचार करत मी बराच वेळ तिथे उभा राहिलो. या वाड्याला अकरा हिस्सेदार आहेत, दावा न्यायालयात आहे आणि भाडेकरूचे कुलूप अजून वरच्या खोलीला आहे. तो कोणीही सोडलेला नाही. जुन्या नाशकातले बहुतेक बंद वाडे भाऊबंदकीने आणि भाडेकरूंच्या वादाने बंद आहेत. त्यांना ‘बेवारस’ म्हणणे ही सरळ चूक ठरेल.

सातपूरकर
एक सूचना कळकळीने करतो. मेलबर्नमध्ये १९८६ साली तीन मुलांनी ‘केव्ह क्लॅन’ हा गट स्थापन केला. पावसाळी नाल्यांत फिरणाऱ्या या गटाचा नियम असा की पाऊस असेल तर नाल्यात उतरायचे नाही. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, कारण माळवदावरची, म्हणजे सपाट छपरावरची, माती भिजून जड होते आणि कुजलेल्या तुळया ते वजन पेलत नाहीत. प्रदर्शन पाहून कोणी माळवदावर चढू नये, हे पाटीवर अवश्य लिहावे, मग छंदाचे नाव काहीही ठेवा.

भगूरकर
ते लिहावेच. पण ‘शिरकाव’ने छंदाला चोरीची छटा येते, म्हणून मी ‘नगरशोधन’ सोडत नाही.

गोदाकाठ
सर्वांचे आभार. पाटी परवा छपाईला जाईल. तिवंधेकरांची वाड्याची हकिकत वाचल्यावर मी ‘पडीक’ काढून टाकले आहे आणि तूर्त ‘ओस वास्तूंचा धांडोळा’ असे लिहिले आहे. काकूंना ते वाचून दाखवले. त्यांचे माहेर चांदवडचे. त्या म्हणतात, त्यांच्याकडे गाव ओस पडते, घर सुने होते. ‘ओस घर’ असे कोणाकडे म्हणतात का?